विरजणातला जिवाणू, त्याचा फाज आणि एका अक्षराची पळवाट : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण मोझरेला चीज बनवणाऱ्या एका कारखान्यातले आहे. कारखान्याचे नाव, ठिकाण आणि विरजणातल्या जिवाणूंच्या स्ट्रेनची (उपप्रकारांची) व्यापारी नावे वगळली आहेत. स्ट्रेनना इथे अ, ब अशी अक्षरे दिली आहेत.

कारखान्यात दोन उत्पादन रांगा होत्या. प्रत्येक रांगेत दिवसाला सहा व्हॅट (दूध जमवण्याच्या टाक्या) लागत आणि एका व्हॅटमध्ये १०,००० लिटर दूध असे. आम्लता आणण्याचे मुख्य काम स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जिवाणूचे. जवळजवळ दोन वर्षे रोज एकच स्ट्रेन, अ, वापरात होता. तो वेगाने आम्ल तयार करी आणि चीजचा पोत नेमका येई. ब हा स्ट्रेन राखीव होता. तो हळू चाले, म्हणून कोणी त्याला फारसा हात लावत नसे.

एकाच स्ट्रेनला रोज दहाहजारी व्हॅटमध्ये वाढवणे म्हणजे त्याच्यावर जगणाऱ्या विषाणूला, म्हणजे बॅक्टेरियोफाजला, रोज तेच यजमान ताज्या दुधात वाढून देणे. फाज मुख्यतः कच्च्या दुधातून येतात. ७२ अंशांवर १५ सेकंदांचे पाश्चरीकरण त्यांतले पुष्कळ सहज पचवतात. आत शिरलेला एक फाज पेशीला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आणि तासाभराच्या आत ती पेशी फोडून शंभराच्या घरात नवे फाज बाहेर पडतात. जिवाणू तेवढ्या वेळात दोनदा विभागला तरी पुष्कळ.

या जिवाणूकडे मात्र एक चांगले हत्यार आहे. त्याच्या जीनोममध्ये क्रिस्पर नावाचा पट्टा असतो. त्यात सारखी पुनरावृत्ती होणारे तुकडे आणि त्यांच्यामध्ये बसलेले, आधी हल्ला केलेल्या फाजच्या डीएनएतून उचललेले सुमारे ३० अक्षरांचे तुकडे असतात (डीएनएची अक्षरे चार: ए, सी, जी, टी). या मधल्या तुकड्यांना स्पेसर म्हणतात. स्पेसर फाजशी जुळतात, हे २००५ मध्ये लक्षात आले होते. २००७ मध्ये रोडॉल्फ बारांगू, फिलिप होर्वाथ, सिल्व्हान मोइनो आणि सहकाऱ्यांनी याच जिवाणूत दाखवून दिले की नवा स्पेसर मिळाला की त्या फाजपासून संरक्षण मिळते आणि स्पेसर काढला की संरक्षण जाते. कॅस हे प्रथिन स्पेसरची आरएनए प्रत हाताशी धरून आत आलेला डीएनए तपासते आणि जुळला की कापते. अट एकच: जुळणाऱ्या तुकड्याला लागून एक छोटी खूण, पॅम, असलीच पाहिजे. या जिवाणूत असे एकाहून जास्त पट्टे असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी. क्रिस्पर-१ या पट्ट्यासाठी ती खूण म्हणजे कोणतीही दोन अक्षरे, मग ए-जी-ए-ए, आणि शेवटी ए किंवा टी. खूण नसेल तर स्पेसर तंतोतंत जुळत असूनही कॅस त्या जागी थांबतच नाही.

पुढे जे घडले ते सगळे या खुणेभोवती फिरते.

अडचण

एका दुपारी पहिल्या रांगेतल्या पाचव्या आणि सहाव्या व्हॅटची आम्लता अडकली. एरवी साडेतीन तासांत पीएच ५.२ पर्यंत उतरे. त्या दिवशी तो ५.७ वर थबकला. दुसऱ्या दिवशी चौथा व्हॅटही रखडला, तिसऱ्या दिवशी तिसरा.

पहिला संशय दुधातल्या प्रतिजैविकांच्या अंशावर गेला. तो दोन कारणांनी मावळला. त्याच सायलोतल्या दुधाचे सकाळचे व्हॅट नीट चालले होते. प्रतिजैविक असते तर पहिल्याच व्हॅटपासून त्रास झाला असता. शिवाय विरजणातला दुसरा जिवाणू, लॅक्टोबॅसिलस, व्यवस्थित वाढत होता. दिवस चढेल तसा त्रास वाढणे, एकाच प्रजातीला फटका बसणे आणि रोज एक व्हॅट आधी सुरुवात होणे ही फाजची ठळक लक्षणे आहेत.

पडताळणी साधी होती. अडकलेल्या व्हॅटचे व्हे, म्हणजे चीजमधून सुटणारे पाणी, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळले. एम-१७ माध्यमात लॅक्टोज आणि १० मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड घातले, कारण या फाजना पेशीला चिकटायला कॅल्शियम लागते. अ च्या पेशी आणि गाळलेल्या व्हेचे दहापटीने केलेले विरलन ०.७५ टक्के मऊ अगारमध्ये मिसळून थाळीवर ओतले आणि ४२ अंशांवर ठेवले. सकाळपर्यंत थाळी प्लाकनी, म्हणजे फाजने पेशी मारल्यामुळे पडलेल्या पारदर्शक ठिपक्यांनी, भरून गेली होती. व्हेच्या एका मिलिलिटरमागे सुमारे १० कोटी फाज निघाले. ब च्या थाळीवर एकही प्लाक नव्हता.

समोरचे पर्याय

ब वर पूर्णपणे जाणे हा पहिला मार्ग. तो सुरक्षित होता, पण ब ने प्रत्येक व्हॅटला पाऊण तास जास्त लागे आणि सहाऐवजी पाचच व्हॅट बसत. पुरवठादाराकडून नवा स्ट्रेन आणायचा तर पोत, वितळणे आणि ताण यांच्या चाचण्यांत काही महिने गेले असते. तिसरा मार्ग म्हणजे अ लाच या फाजविरुद्ध प्रतिकारक बनवणे. त्यात बाहेरचे जनुक घालावे लागत नाही. जिवाणूला फाजसमोर उभे करायचे आणि जे वाचतील त्यांना निवडायचे.

तिसरा मार्ग निवडला गेला आणि तोवर ब वापरायचे ठरले. दिशा बरोबर होती. गफलत पुढच्या दोन छोट्या निर्णयांत झाली.

पहिली कृती : एका स्पेसरचा अ-१

अ ची वाढती पेशी-संख्या फाजच्या भरपूर प्रमाणाबरोबर मिसळून थाळ्यांवर पसरली. वाचलेल्यांपैकी ४० वसाहती उचलल्या आणि प्रत्येकीच्या क्रिस्पर पट्ट्याच्या नव्या टोकाचा भाग पीसीआरने वाढवून, डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या २ टक्के अगारोज जेलवर पाहिला. नवा स्पेसर जवळजवळ नेहमी त्याच टोकाला येऊन बसतो. एक स्पेसर ३० अक्षरांचा आणि त्याच्याबरोबर येणारी पुनरावृत्ती ३६ अक्षरांची, म्हणून जेलवरची पट्टी मूळ अ पेक्षा ६६ अक्षरांनी वर सरकते. डोळ्यांनी दिसणारी इतकी स्वच्छ खूण जनुकशास्त्रात क्वचितच मिळते.

२६ वसाहतींच्या क्रिस्पर-१ मध्ये एक नवा स्पेसर होता. तिघींमध्ये तो क्रिस्पर-३ मध्ये होता. एका वसाहतीची पट्टी १३२ अक्षरांनी सरकली होती, म्हणजे तिला एकदम दोन स्पेसर मिळाले होते. उरलेल्या दहांत काहीच बदल नव्हता. त्या पेशीच्या पृष्ठभागावरची शर्करा बदलून वाचल्या होत्या: फाजला चिकटायला जागाच ठेवली नव्हती. हा प्रतिकार पक्का असतो, पण महाग पडतो. त्यांतल्या सात नळीच्या तळाशी गाळासारख्या बसल्या आणि दुधात हळू चालल्या. त्या बाजूला काढणे योग्यच होते.

२६ मधल्या सर्वांत वेगवान वसाहतीला अ-१ नाव दिले. १० टक्के स्किम दूध-भुकटीच्या दुधात २ टक्के विरजण घालून ४२ अंशांवर तासातासाने पीएच मोजला, तर मूळ अ शी वक्र तंतोतंत जुळला. फाजची चाचणी घेतली तेव्हा अ वर जितके प्लाक येत त्याच्या दहा लाखांत एक इतकेच अ-१ वर आले. अहवालात लिहिले गेले: दहा लाखपट संरक्षण.

आता दोन निर्णय. पहिला असा की दोन स्पेसरवाल्या वसाहतीची पीएच चाचणी पुरी व्हायला आणखी आठवडा लागणार होता, म्हणून तिला थांबवून अ-१ लगेच पहिल्या रांगेत आणला. दुसरा असा की दुसऱ्या रांगेच्या व्हेमध्ये फाजचे प्रमाण कमी दिसत होते आणि गोठवलेल्या अ चा साठा बराच शिल्लक होता, म्हणून तो संपेपर्यंत तिथे अ च चालू ठेवला. दोन्ही रांगांचे व्हे एकाच खोलीतल्या सेपरेटरमध्ये जाई आणि तिथून निघालेली मलई दुधाच्या प्रमाणीकरणासाठी परत वापरली जाई.

फाजचे उत्तर

सुमारे तीन आठवडे अ-१ उत्तम चालला. मग पहिल्या रांगेचा सहावा व्हॅट पुन्हा रखडला. व्हेमधून काढलेला फाज अ आणि अ-१ वर सारख्याच संख्येने प्लाक देत होता. त्याचा जीनोम वाचला. सुमारे ३५,००० अक्षरांत मूळ फाजपेक्षा एकच फरक होता.

अ-१ च्या नव्या स्पेसरशी जुळणारा तुकडा फाजच्या शेपटीच्या एका प्रथिनाच्या जनुकात होता. त्याला लागून असलेली पॅमची खूण अशी वाचली जात होती: कोणतेही एक अक्षर, मग ए, मग ए-जी-ए-ए, मग टी. यातले पहिले ए, दुसरे ए आणि जी मिळून प्रथिनाच्या वाचनात एक पूर्ण त्रिक होत होते (अशा प्रत्येक त्रिकावरून प्रथिनातले एक अमिनो आम्ल ठरते): ए-ए-जी, म्हणजे लायसिन. नव्या फाजमध्ये त्या जी च्या जागी ए आला होता. त्रिक झाले ए-ए-ए, आणि तेही लायसिनच. म्हणजे प्रथिन अक्षरशः तेच राहिले, पण ए-जी-ए-ए ही खूण पुसली गेली. कॅसला तिथे थांबायचे कारण उरले नाही. फाजने या सुटकेसाठी काहीही मोजले नव्हते.

इथे थांबून हिशेब मांडायला हवा, कारण या प्रकरणाचा गाभा त्यातच आहे. डीएनए असलेल्या सूक्ष्मजीवांत एका जीनोमची एक प्रत काढताना साधारण तीनशेत एकदा चूक होते, हा जॉन ड्रेक यांनी १९९१ मध्ये मांडलेला अंदाज बऱ्यापैकी टिकला आहे. ३५,००० अक्षरांच्या फाजसाठी त्याचा अर्थ एका ठरावीक अक्षरात सुमारे एक कोटीत एक चूक. पॅममधली काही अक्षरे आणि पॅमला लागून असलेल्या जुळणीची काही अक्षरे मिळून दहा-पंधरा जागा अशा असतात की त्यांतली कोणतीही एक बदलली तरी स्पेसर निकामी होतो. म्हणून एका स्पेसरमधून सुटण्याची शक्यता दहा लाखांत एकच्या आसपास येते. प्रयोगशाळेत दिसलेला आकडा नेमका हाच होता.

आता अडकलेला एक व्हॅट घ्या. १०,००० लिटर म्हणजे एक कोटी मिलिलिटर, प्रत्येकात १० कोटी फाज. एकूण फाज एकावर पंधरा शून्ये. त्यातले दहा लाखांत एक सुटलेले, म्हणजे शंभर कोटी. अ-१ कारखान्यात येण्याच्या आधीच, एकेका बिघडलेल्या व्हॅटमध्ये, अ-१ ला मारू शकणारे शंभर कोटी फाज तयार होते. «दहा लाखपट संरक्षण» हे वाक्य दहा मिलिलिटरच्या नळीपुरते खरे होते.

ही कल्पना आहे की वस्तुस्थिती, हे तपासता आले, कारण पहिल्या दिवशीचे व्हे गुणवत्ता विभागाच्या फ्रीझरमध्ये राहून गेले होते. त्यातला जुना फाज अ-१ वर मोठ्या संख्येने टाकला आणि जे तुरळक प्लाक आले त्यांतल्या बारांचा पॅमभोवतीचा भाग वाचला. तिघांत तोच जी चा ए झालेला होता. बाकीच्यांत शेजारची अक्षरे बदलली होती. साल्व्हादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जिवाणूंबद्दल दाखवले होते की फाजला तोंड देणारी उत्परिवर्तने फाज समोर येण्याआधीच झालेली असतात. इथे तोच नियम फाजच्या बाजूने दिसतो. या झुंजीतली सर्वांत विलक्षण गोष्ट ही की जिवाणूचा क्रिस्पर हल्ला झाल्यावर, हल्लेखोराचाच तुकडा उचलून शिकतो. फाज काहीच शिकत नाही, तो फक्त इतक्या प्रती काढतो की त्यांतली एखादी नेमकी बसतेच. संख्या मोठी असेल तर हा आंधळा मार्ग शिकणाऱ्याला गाठतो.

दुसऱ्या रांगेत चालू ठेवलेल्या अ ने भर घातली. तिथे जुना फाज कमी प्रमाणात का होईना रोज वाढत होता, रोज नवे सुटलेले निर्माण करत होता, आणि सेपरेटरच्या तुषारांतून व परत वापरलेल्या मलईतून ते पहिल्या रांगेत पोचत होते.

दुसऱ्यांदा पर्यायांचा विचार

या वेळी प्रश्न बदलला: कोणता स्ट्रेन प्रतिकारक आहे, याऐवजी फाजला किती बदल एकाच वेळी करावे लागतील?

वरचाच हिशेब पुढे नेला. दोन स्पेसर असतील तर दोन्हीतून एकदम सुटण्याची शक्यता लाख कोटींत एक. भयंकर लहान वाटते, पण पंधरा शून्यांच्या व्हॅटमध्ये असे हजार फाज असणारच. म्हणजे पहिल्या वेळी थांबवलेली दोन स्पेसरवाली वसाहत आणली असती तरी एकदा बिघडलेल्या व्हॅटच्या पार्श्वभूमीवर ती फार काळ टिकली नसती. तीन स्पेसरना अशा हजार व्हॅटमागे एक सुटलेला. चार असतील तर अपघाताने एकदम सुटणे विसरता येते.

पण हे गणित «एकदम» या शब्दावर उभे आहे. एक, दोन आणि तीन स्पेसरचे स्ट्रेन एकाच कारखान्यात शेजारी शेजारी चालवले तर फाजला एकेक पायरी मिळते: एका स्पेसरच्या स्ट्रेनवर पहिला बदल टिकतो आणि वाढून कोट्यवधी होतो, त्या कोट्यवधींतून दुसरा बदल सापडतो. म्हणून «जसे तयार होतील तसे आणू» हा सोयीचा वाटणारा पर्याय बाद झाला.

निरनिराळे एक-स्पेसर असलेले अनेक स्ट्रेन मिसळून वापरायची सूचनाही आली. त्यामागे चांगला आधार होता: २०१६ मध्ये स्टायनेके व्हॅन हौटे आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे की लोकसंख्येत स्पेसरची विविधता जितकी जास्त तितका फाज लवकर नामशेष होतो, कारण एका पेशीतून सुटलेला फाज पुढच्या पेशीत अडकतो. मात्र तो लाभ विविधता पुरेशी असेल तर मिळतो. तीन-चार प्रकारांच्या मिश्रणात सुटलेल्या फाजला पाव ते तृतीयांश पेशी खुल्या राहतात, आणि दहा हजार लिटरमध्ये तेवढ्या त्याला भरपूर होतात. शिवाय प्रत्येक तुकडीत प्रमाण सारखे ठेवणे अवघड. अनेक स्पेसरची रास एकाच पेशीत रचणे जास्त भरवशाचे ठरले.

दुसरी कृती

आधी फाजची पेढी केली. साठवलेले व्हे, सेपरेटर खोलीतला गाळ, गटाराजवळचे पाणी आणि परत वापरायची मलई यांतून पाच वेगळे फाज मिळाले. ग्लिसरॉल घालून ते उणे ८० अंशांवर ठेवले आणि पाचांचे जीनोम वाचले. दोन कामे त्यावर अवलंबून होती.

एक, प्रति-क्रिस्पर जनुके आहेत का ते पाहणे. काही फाज कॅसलाच बांधून ठेवणारे छोटे प्रथिन बनवतात. थर्मोफिलसच्या फाजमध्ये अशी प्रथिने २०१७ आणि २०१८ मध्ये सापडली. त्यांतले एसीआर-२ए-६ क्रिस्पर-१ च्या कॅस९ ला बंद पाडते. पेढीतल्या एकाही फाजमध्ये ही जनुके नव्हती. असती तर क्रिस्पर-१ मध्ये कितीही स्पेसर रचून काही उपयोग नव्हता. ही तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी.

दोन, स्पेसर कुठे लागतो ते निवडणे. पाचही फाजमध्ये जवळजवळ तसेच असलेले भाग शोधले: कवच जोडणारी प्रथिने, डीएनए भरणारे यंत्र, शेपटीचा काही भाग. तिथल्या प्रत्येक पॅमभोवती प्रथिनाचे वाचन मांडून पाहिले आणि खूण पुसणारे किती बदल प्रथिन न बदलता होतात ते मोजले. अशा फुकटच्या सुटका कुठेही शून्य होत नाहीत, पण काही जागी एक आणि काही जागी चार असा फरक पडतो. स्पेसर कोणता येईल ते आपण ठरवू शकत नाही. जिवाणू उचलेल तो खरा. म्हणून भरपूर वसाहती उचलून त्यांतून हव्या त्या निवडाव्या लागतात.

रचना टप्प्याटप्प्याने झाली. अ-१ ला सुटलेल्या फाजसमोर उभे करून दुसरा स्पेसर मिळवला. त्या स्ट्रेनला मारणारा सुटलेला फाज प्रयोगशाळेत मुद्दाम काढून तिसरा, आणि तसाच चौथा. स्पेसर मिळण्याचे प्रमाण वाढावे म्हणून अतिनील प्रकाशाने निकामी केलेले फाज मिश्रणात घातले; असे अर्धमेले फाज डीएनए आत सोडतात पण पेशी मारत नाहीत, त्यामुळे जिवाणूला तुकडा उचलायला वेळ मिळतो. चौथा स्पेसर जाणूनबुजून क्रिस्पर-३ मधला निवडला. त्याची खूण वेगळी आहे (कोणतेही अक्षर, जी-जी, कोणतेही अक्षर, जी), त्याचे कॅस वेगळे आहे, आणि पुढे कधी प्रति-क्रिस्पर जनुक आले तरी दोन्ही बाजू एकदम पडण्याची शक्यता कमी होते. तयार झालेल्या स्ट्रेनला अ-४ म्हटले. मधले सगळे टप्पे प्रयोगशाळेतच राहिले. अ-१ चा पहिला स्पेसर सुटलेल्या फाजवर निकामी होता, पण जुन्या फाजवर चालत होता. म्हणून मोजताना अ-४ ला जुन्या फाजविरुद्ध चार आणि नव्याविरुद्ध तीन स्पेसर धरले.

अ-४ तयार झाल्यावरही तो लगेच आणला नाही. अ आणि अ-१ चा सगळा साठा दोन्ही रांगांतून काढला, बारा दिवस फक्त ब चालवला. त्या काळात व्हॅट, नळ आणि सेपरेटर खोली पेरासेटिक आम्लाने धुतली, व्हेच्या मलईचा पुनर्वापर थांबवला, आणि सेपरेटर खोलीतली हवा व्हॅटकडे येणार नाही असा दाब ठेवला. व्हेमधला जुना फाज मोजमापाच्या खाली गेल्यावरच अ-४ सुरू झाला. विरजण वाढवण्यासाठी फॉस्फेटयुक्त माध्यम घेतले. फॉस्फेट कॅल्शियम धरून ठेवतो आणि फाजला चिकटणे जड जाते. ब वरही हीच प्रक्रिया करून ब-३ तयार केला आणि दर आठवड्याला अदलाबदल ठरवली.

एक काळजी जेलने दाखवून दिली. पुनरावृत्तीचे तुकडे एकसारखे असल्याने पेशी वाढताना दोन पुनरावृत्ती एकमेकींशी जुळून मधले स्पेसर गळू शकतात. एका साठवण-तुकडीत पट्टी १३२ अक्षरांनी खाली दिसली. दोन स्पेसर गेले होते. ती तुकडी फेकली. तेव्हापासून प्रत्येक तुकडीचा पीसीआर झाल्याशिवाय ती बाहेर पडत नाही.

परिणाम

पुढच्या अकरा महिन्यांत फाजमुळे एकही व्हॅट रखडला नाही. पीएचचा वेळ मूळ अ इतकाच राहिला. दर आठवड्याला व्हे तपासले जात होते: मिलिलिटरला १० हजार फाज झाले की सूचना, १० लाखांला लगेच स्ट्रेन बदल. सूचना दोनदा आली, बदलाची वेळ आली नाही.

सातव्या महिन्यात पेढीत एक नवा फाज जमा झाला. तिन्ही काळचे फाज तिन्ही काळच्या जिवाणूंवर टाकून पाहिले. पहिल्या दिवशीचा फाज फक्त अ ला मारत होता. तीन आठवड्यांनंतरचा अ आणि अ-१ ला. सातव्या महिन्यातला या दोघांना आणि शिवाय प्रयोगशाळेत ठेवलेल्या दोन स्पेसरच्या टप्प्यालाही. अ-४ ला कोणीच नाही. त्या नव्या फाजचा जीनोम वाचला तेव्हा पॅमचे जुने एक अक्षर बदललेले होतेच. दुसऱ्या स्पेसरची जागा मात्र एका अक्षराने बदललेली नव्हती. तिथला सुमारे २,००० अक्षरांचा पूर्ण तुकडाच दुसऱ्या फाजकडून आला होता आणि त्यात जुळणारा भाग नव्हता. वरचा हिशेब अक्षरांच्या चुकांचा होता. अशी अदलाबदल त्या हिशेबाला बगल देते, कारण एका झटक्यात तीस अक्षरे नाहीशी होतात.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महाग पडलेला निर्णय साठा संपवण्याचा होता. तो निर्णय घेताना एकच प्रश्न विचारायला हवा होता: या फाजला वाढायला कारखान्यात कुठेही यजमान उरतो का? उत्तर हो असेल तर नवा स्ट्रेन आणण्यात अर्थ नाही, मग तो कितीही चांगला असो. गोठवलेल्या अ चे मोल रखडलेल्या एका व्हॅटएवढेही नव्हते.

प्रतिकाराचा आकडा नळीच्या मापात न वाचता व्हॅटच्या मापात वाचायला हवा होता. अहवालात «दहा लाखांत एक» च्या शेजारी «एका बिघडलेल्या व्हॅटमध्ये शंभर कोटी» हे लिहिले असते, तर अ-१ तसाच पुढे गेला नसता.

पहिल्या दिवसाचे व्हे जपले गेले हा योगायोग होता. दर आठवड्याचे ५० मिलिलिटर व्हे गाळून, ग्लिसरॉल घालून ठेवायला जागा आणि वेळ फार लागत नाही, पण त्याशिवाय कोणता बदल आधीचा आणि कोणता नंतरचा हे कधीच सांगता येत नाही. पहिल्या हल्ल्याच्याही आधीचे व्हे असते तर मूळ फाज किती दिवस वाढत होता, तेही कळले असते.

पेढीतल्या फाजच्या जीनोमवरून स्पेसर निवडताना फक्त टिकून राहिलेले भाग पाहिले गेले. कोणते भाग फाज आपापसांत अदलाबदल करतात ते पाहिले नाही. दुसऱ्या स्पेसरची जागा अशाच एका अदलाबदलीच्या भागात होती, आणि पाच जीनोम शेजारी मांडले असते तर ती सीमा आधीच दिसली असती. आता पाचवा स्पेसर जोडण्याचे काम सुरू आहे. त्याची जागा दोन अशा सीमांच्या मध्ये, डीएनए भरणाऱ्या यंत्राच्या जनुकात निवडली आहे, आणि त्या जनुकातही पाचही फाजमध्ये एकाच चौकटीत वाचल्या जाणाऱ्या पॅमपुरताच विचार केला जात आहे.

अ-४ कधी मागे घ्यायचा, यावर संघात अजून मतभेद आहेत. एका बाजूचे म्हणणे, कार्यरत स्पेसर दोनावर आले की स्ट्रेन थांबवावा, प्लाकची वाट पाहू नये. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, व्हेमध्ये फाज मोजमापाखाली असेपर्यंत दोनही पुरतात, कारण पंधरा शून्यांची संख्या बिघडलेल्या व्हॅटमध्येच तयार होते. सातव्या महिन्यातल्या फाजविरुद्ध अ-४ चे कार्यरत स्पेसर आज दोनच आहेत. म्हणून तूर्त आठवड्याऐवजी दर तीन दिवसांनी व्हे तपासले जाते आणि नवीन फाज सापडताच उरलेल्या दोन जागांची अक्षरे त्याच दिवशी वाचायला पाठवली जातात.